खानदेशातून खाडीच्या गळ-स्पर्धेला: मासा तोलायचा की मोजायचा?

तापीकाठचा (भुसावळ)

राम राम मंडळी,

मे महिन्यात आम्ही चौघं रायगडातल्या एका खाडीत छोट्या होड्यांच्या गळ-स्पर्धेला जाऊन आलो. दोघे भुसावळचे, एक यावलचा, एक सावद्याचा. चौघांचाही हात हतनूर धरणाच्या फुगवट्यावर तयार झालेला, खाऱ्या पाण्यात उतरायची ही दुसरीच वेळ. स्पर्धेचं नाव लिहीत नाही. आयोजकांनी आम्हाला प्रेमाने वागवलं, जेवणखाण चोख होतं आणि मला कुणाला उघडं पाडायचं नाही. पण तिथे पाहिलेली एक गोष्ट तीन आठवडे झाले तरी डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

चौदा होड्या होत्या. एका होडीत दोन गळवाले आणि एक तांडेल, म्हणजे होडी चालवणारा. गट दोन. एक वजनाचा, त्यात आमिष काहीही चालतं, अगदी जिवंत कोळंबीसुद्धा. दुसरा फ्लायचा, त्यात मासा पट्टीवर मोजून सोडून द्यायचा. आम्ही फ्लायमध्ये उतरलो. दोन दिवसांत चौघांना मिळून तीन मासे लागले: दोन छोट्या तांबोशी आणि एक ४३ सेंमीचा जिताडा. तो जिताडा मी पाण्यात धरून ठेवला होता. दम परत आल्यावर त्याने शेपटीचा असा फटका मारला की माझं तोंड भिजलं. त्या क्षणासाठी मी भुसावळहून पुन्हा पुन्हा जाईन.

दुसऱ्या दिवशी दुपारी वजनाच्या गटातला पहिल्या नंबरचा मासा काट्यावर आला. जिताडा, १० किलो ८०० ग्रॅम. एवढा मासा मी आयुष्यात जवळून पाहिला नव्हता. धक्क्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. संध्याकाळी तोच मासा धक्क्यामागे कापायला घेतला तेव्हा पोटातून गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, निघाली. दोन्ही ओंजळी भरून उरावी एवढी. कापणाऱ्या मावशी काही बोलल्या नाहीत, नुसतं आमच्याकडे बघितलं.

घरी येऊन जिताड्याबद्दल वाचायला बसलो. तुमच्यापैकी काहींना माहीत असेल, मला नव्हतं. हा मासा मोठा होताना आधी नर असतो. काही वर्षं नर म्हणून काढतो आणि पुढे मादी होतो. म्हणजे खाडीत जे सगळ्यात मोठे जिताडे आहेत ते जवळपास सगळे मादी. पावसाच्या सुरुवातीला त्या अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे जातात, आणि एकेक मोठी मादी लाखांनी अंडी देते. आता मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, सगळ्यात जड माशाला बक्षीस लावायचं म्हणजे काय होतं ते तुम्हीच बघा. वजनाच्या गटातल्या सगळ्या होड्या, सगळे गळ, आणि त्यांचा शोध कुणासाठी, तर त्या आयांसाठी.

माझे वडील तापीतल्या शिवड्याच्या गोष्टी सांगायचे. माणसाच्या कमरेएवढा शिवडा प्रकाशापासून हतनूरपर्यंत कुठेही मिळायचा म्हणायचे. मी चाळीस वर्षांचा होत आलो, तसा शिवडा दोनदाच पाहिलाय. खाडीतही तेच व्हावं असं मला वाटत नाही.

आपल्या गटात आता अकराजण झालेत. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. इथून पुढे फक्त मोजून सोडायच्या स्पर्धांनाच जायचं का? आणि ज्या स्पर्धेत वजनाचा गट आहे, तिथल्या आयोजकांशी आपण बोलायचं का? आपण तिथे पाहुणे आहोत, याची जाणीव ठेवूनच विचारतोय.

शिरपूरकर

दादा, पूर्ण पाठिंबा. मी यापूर्वी दोनदा मोजून सोडायच्या स्पर्धेत खेळलोय. पद्धत सांगतो, कारण बऱ्याच लोकांना वाटतं की मासा सोडला की खोटेपणाला मोकळीक मिळते.

मोजायची एक पाटी असते. तिच्या एका टोकाला उभी फळी, त्या फळीला माशाचं बंद तोंड टेकवायचं, मासा पाटीवर आडवा ठेवायचा, शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत जवळ आणायची आणि आकडा वाचायचा. फोटोत तोंड, शेपटी, आकडे आणि त्या दिवशी सकाळी दिलेलं ओळखपत्र, चारही दिसले पाहिजेत. ओळखपत्र रोज नवं असल्यामुळे कालचा मासा आज खपत नाही. तोंड उघडं दिसलं किंवा फळीपासून सुटलेलं दिसलं तर फोटो बाद. एकदा माझाच एक चांगला ५७ सेंमीचा मासा बाद झाला, शेपटी बोटाखाली झाकली गेली होती म्हणून. त्या दिवशी वाईट वाटलं, पण नियम बरोबर होता.

आणि पाटी आधी ओली करायची. उन्हात तापलेली कोरडी पाटी म्हणजे तव्यावर मासा टाकल्यासारखं. हातही ओले हवेत. कोरड्या हाताने किंवा टॉवेलने धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो, आणि तो थर गेला की माशाला जखमा आणि बुरशी सोडत नाही.

अमळनेरचा_नवखा

मी इथे नवीन. दोन शंका आहेत, राग मानू नका. फ्लाय म्हणजे नक्की काय? आणि आपली तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, मग एवढं कोकणात जाण्यापेक्षा सुरत जवळ नाही का? नंदुरबारहून तर गाडीत बसलं की सुरत.

शिरपूरकर

राग कसला, भाऊ. आधी सुरतेचं सांगतो. आपली तापी मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत जाते आणि खंभातच्या आखाताला मिळते. त्या आखाताचा आकार नरसाळ्यासारखा आहे, म्हणून भरतीचं पाणी आत शिरताना चढत जातं. भावनगरकडे तर भरती-ओहोटीत १० मीटरच्या आसपास फरक पडतो. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर धावतं, तळाचा गाळ सतत ढवळला जातो आणि पाणी चहासारखं होतं. छोट्या होडीला ती ओढ धोक्याची आहे, आणि फ्लाय ही माशाला दिसली तरच उपयोगाची. मी दोनदा जाऊन पाहिलंय. कोकणातल्या खाड्या आपल्यासाठी जास्त बऱ्या.

आता फ्लाय. साध्या गळफेकीत वजन टोकाला असतं. शिसं किंवा आमिष पुढे जातं आणि दोर त्याच्या मागे ओढला जातो. फ्लायमध्ये याच्या उलट. टोकाला पिसांचा आणि केसांचा बनवलेला नकली मासा असतो, त्याला जवळपास वजनच नाही. वजन असतं दोरात. ८ नंबरच्या दोराचे पहिले ३० फूट घेतले तर त्यांचं वजन २१० ग्रेन, म्हणजे साधारण साडेतेरा ग्रॅम भरतं. ते वजन हवेत मागे न्यायचं, दोर पूर्ण सरळ होऊ द्यायचा आणि मग पुढे सोडायचं. बैलगाडीवाला आसूड कसा फिरवतो ते डोळ्यांसमोर आण. मागे थांबायचा तो अर्धा क्षण ज्याला सापडला, त्याला फ्लाय सापडली.

समुद्रावर वारा असतो, म्हणून ८ ते १० नंबरची, नऊ फुटी कांडी घेतात. डाव्या हाताने दोराला मागे आणि पुढे दोन्ही वेळा झटका द्यायचा, त्याला डबल हॉल म्हणतात. तो यायला मला दीड वर्ष लागलं. आमच्याकडे पऱ्हाटी उपटल्यावर वावर मोकळं होतं, तिथे मी संध्याकाळी सराव करायचो. पण ढेकळांवर आणि खुंटांवर दोराचं वरचं आवरण फाटतं, पहिला दोर मी असाच घालवला. गवतावर किंवा पाण्यावर कर. टोकाला गळाऐवजी लोकरीचा छोटा गोंडा बांध, म्हणजे कानाला किंवा डोळ्याला इजा होणार नाही. चष्मा मात्र सरावातही घाल.

नवापूरची_ताई

फ्लाय बांधायचं मी सांगते, कारण आमच्या घरी रोज रात्री तेच चालतं. उकाई धरणाच्या फुगवट्यावर मी आणि माझी मुलगी मरळीसाठी आणि चिलापीसाठी टाकतो. संस्थेची परवानगी घेऊन, हे आधीच सांगते. धरणातल्या माशांचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, नुसतं काठावर जाऊन बसणं बरोबर नाही.

खाडीसाठी आम्ही क्लाउजर मिनो नावाचा प्रकार बांधतो. अमेरिकेत बॉब क्लाउजर यांनी तो नदीतल्या बाससाठी तयार केला होता, आता जगभर खाऱ्या पाण्यात चालतो. त्यात गळाच्या दांडीला वरच्या बाजूने जड डोळे बांधतात. त्या वजनाने पाण्यात गळ उलटा होतो, टोक वर राहतं आणि दगडात किंवा कांदळवनाच्या मुळांत कमी अडकतं. परदेशात हरणाच्या शेपटीचे केस वापरतात, आम्ही बकऱ्याच्या शेपटीचे वापरतो. खाटिकाकडे सांगून ठेवलं की देतो, धुऊन, मीठ लावून, सावलीत वाळवायचे. चमक म्हणून पोळ्याच्या बाजारात बैलांच्या साजासाठी मिळते ती जर. डोळ्यांसाठी मण्यांची पितळी साखळी, दोन मणी कापून घ्यायचे. मुलगी अकरा वर्षांची आहे, तिच्या गाठी माझ्यापेक्षा घट्ट बसतात.

तापीकाठच्या दादांना एक विचारायचं होतं. तिथे बायका होत्या का खेळायला? धक्क्यावर कपडे बदलायची, बाथरूमची सोय होती का? हे लहान वाटतं पण यावरच आमचं येणं ठरतं. वेगळा महिला गट मला नको आहे. फ्लाय टाकायला जोर लागत नाही, वेळ साधावी लागते. एकाच पाटीवर मोजा.

आणि मरळीचा विषय निघालाच आहे तर, पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिल्लांचा घोळका दिसला तर तिथे गळ टाकू नका. खाली आईबाप राखण करत असतात आणि पिल्लांजवळ काहीही आलं की झडप घालतात. अशी मरळ लागणं सोपं असतं, पण ती उचलली की वरची सगळी पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात.

तापीकाठचा (भुसावळ)

ताई, खेळणाऱ्यांत एकही बाई नव्हती. सोय म्हणाल तर धक्क्यापासून अर्ध्या किलोमीटरवर एक शाळा होती, तिथे. ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती, आयोजकांशी बोलताना पहिल्यांदा हीच काढतो. मरळीबद्दल लिहिलंत ते आमच्या गटावरही टाकतो.

खाडीवाला (रायगड)

मी खानदेशातला नाही, पण धागा आमच्याच पाण्याबद्दल आहे म्हणून लिहितो. माझी स्वतःची होडी आहे. अशा स्पर्धांना मी तांडेल म्हणून तीनदा गेलोय.

दादा, तुम्हाला वाईट वाटलं ते खरं आहे, मलाही गाबोळीचा मासा बघून बरं वाटत नाही. पण काही गोष्टी तुम्हाला धक्क्यावरून दिसत नाहीत. जिताडा आमच्या घरात पैसे आणतो. तुम्ही आज सोडलेला जिताडा उद्या माझ्या जाळ्यात आला तर मी तो बाजारात नेणार, आणि त्याची मला लाज वाटणार नाही. त्यावर माझी मुलं शिकतात. दुसरं, खाडी काय फक्त गळाने रिकामी होत नाही. कांदळवन तोडून भराव पडला की पिल्लांची जागाच जाते. कारखान्याचं पाणी सुटलं की सकाळी काठाला पांढरी पोटं दिसतात. तेव्हा टाळ्या वाजवायला आणि रडायला दोन्हीला कुणी नसतं. तुमच्यासारखी लांबून आलेली, लिहिणारी माणसं त्या दिवशी बोलली तर आम्हाला जास्त उपयोग होईल.

जिताड्याचं आमचं नातं जुनं आहे. पेण-अलिबागकडे खारपाट्यात घराशेजारच्या तळ्यात जिताडा पाळतात. पावसात खाडीतून पिल्लं आणून सोडायची आणि मोठी होऊ द्यायची. खाडीत मोठी मादी राहिली नाही तर ती पिल्लंही यायची नाहीत, एवढं आम्हालाही कळतं. म्हणून माझं मत असं आहे की वजनाचा गट बंद करायची मागणी पहिल्या दिवशी करू नका. आधी महिना बदला म्हणावं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, म्हणून आयोजक मे महिना धरतात. होड्या मोकळ्या होणारच असतात, भाडं कमी पडतं. पण मे महिना मासा भरायचा. नारळी पौर्णिमेनंतर, पाणी निवळल्यावर, कार्तिकात स्पर्धा घ्या. मासा रिकामा झालेला असतो, अंगात जोरही असतो.

तापीकाठचा (भुसावळ)

दादा, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये खाडीवर पोट असणाऱ्याचा विचारच नव्हता, ही चूक कबूल करतो. माझा प्रश्न तुमच्या जाळ्याबद्दल नाही, आमच्या गळाबद्दल आहे. तुम्ही पोटासाठी धरता, आम्ही हौसेसाठी आणि ढालीसाठी. हौसेने मोठी मादी मारायची गरज नाही, एवढंच मला म्हणायचं आहे. महिना बदलायचा मुद्दा मला सुचलाच नव्हता.

चोपडा_ते_कॅरोलिना

मी मूळ चोपड्याचा, नोकरीमुळे गेली नऊ वर्षं अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात. इथून जवळ मोरहेड सिटीला १९५७पासून बिग रॉक ही मार्लिनची, म्हणजे भाल्यासारख्या चोचीच्या मोठ्या समुद्री माशाची, स्पर्धा होते. एकदा बघायला गेलो होतो. वजनाच्या स्पर्धा पैशाने कुठवर जातात ते इथे दिसतं, म्हणून सांगतो.

२०२३ साली शेवटच्या दिवशी एका होडीने ६१९.४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २८१ किलोंचा ब्लू मार्लिन आणला. सगळ्यांना वाटलं स्पर्धा संपली. पण माशाला शार्कचा चावा होता. नियम असा की लढत चालू असताना दुसऱ्या प्राण्याने मासा जखमी केला तर तो धरायचा नाही, कारण दमवण्यात गळवाल्याशिवाय आणखी कुणाचा तरी वाटा येतो. मासा बाद झाला आणि त्याबरोबर ३५ लाख डॉलरच्या आसपासचं बक्षीस गेलं. मेरीलँडमधल्या व्हाइट मार्लिन ओपनला २०१६ साली २८ लाख डॉलरचं बक्षीस लाय-डिटेक्टर चाचणीवरून अडलं. ठरलेल्या वेळेआधी गळ पाण्यात टाकल्याचा वाद होता, आणि प्रकरण कोर्टात गेलं. मासा धरण्याच्या खेळात लाय-डिटेक्टर लागावा, याचं मला अजून वाईट वाटतं.

पण इथली दुसरी बाजूही आहे, आणि तीच आपल्या कामाची आहे. फ्लोरिडात आयलामोराडा इथे १९६४पासून गोल्ड कप नावाची टारपन या मोठ्या माशाची स्पर्धा होते, फक्त फ्लायवर. छोट्या सपाट बुडाच्या होड्या, इंजिन बंद, मागे उभा राहून एकजण लांब बांबूसारख्या काठीने होडी ढकलतो आणि पुढे उभा असलेला माशाला बघून फ्लाय टाकतो. फ्लोरिडात २०१३पासून, विक्रमासाठीचा खास परवाना सोडला तर, टारपन सोडावाच लागतो, आणि ४० इंचांपेक्षा मोठा असेल तर पाण्याबाहेरही काढता येत नाही. म्हणजे तिथल्या मानाच्या स्पर्धेत कुणी मासा काट्यावर टांगत नाही, आणि तरी लोक त्या कपासाठी वर्षभर तयारी करतात. मान कमी झालेला नाही.

एक उपयोगाची गोष्ट: नैसर्गिक आमिष लावणाऱ्यांसाठी सर्कल हुक. त्याचं टोक आत वळलेलं असतं, मासा वळला की गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही. झटका मात्र द्यायचा नाही, नुसता दोर ताणत आणायचा. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या बिलफिश (मार्लिनसारखे चोचीचे मासे) स्पर्धांत नैसर्गिक आमिष असेल तर २००८पासून हा गळ बंधनकारक आहे. आपल्याकडचा आमिषाचा गट लगेच बंद होणार नसेल, तर निदान हा गळ तरी मागा.

धुळेकर_नाना

राम राम भाऊसहोन. मना अनुभव सांगस, पण बाकीचं मराठीत लिहितो म्हणजे सगळ्यांना समजेल.

मी पंचवीस वर्षं पांझरा-तापीवर गळ टाकतोय आणि स्थानिक स्पर्धाही भरवल्यात. तुमचं सगळं पटतं, पण बक्षीस देणारा माणूस काय म्हणतो तेही ऐका. त्याला धक्क्यावर गर्दी हवी असते, आणि गर्दीला मासा डोळ्यांनी बघायचा असतो. मोबाइलमधल्या फोटोवर टाळ्या पडत नाहीत. शिवाय सेंटीमीटर सांगितले तर लोकांना मासा कळत नाही. आमच्या पिढीला किलोच कळतात. ५० सेंमीचा सडपातळ मासा आणि ५० सेंमीचा भरलेला मासा सारखा कसा धरायचा?

शिरपूरकर

नाना, शेवटच्या प्रश्नाला उत्तर आहे. लांबीबरोबर घेरही मोजायचा. पाठीच्या पंखाच्या पुढे, जिथे मासा सगळ्यात जाड असतो तिथे मऊ फीत गुंडाळायची. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि ८००ने भागा. मापं इंचात घेतली तर उत्तर पौंडात येतं. समजा लांबी ४० इंच आणि घेर २० इंच. २० गुणिले २० म्हणजे ४००, ते ४०ने गुणून १६,०००, भागिले ८००, म्हणजे २० पौंड. नऊ किलो. हा अंदाज असतो, माशाच्या जातीप्रमाणे थोडा इकडेतिकडे होतो, पण एकाच जातीच्या दोन माशांत भरलेला कोणता ते बरोबर दाखवतो. फलकावर किलो लिहा, मासा पाण्यात.

फक्त घेर मोजायला आणखी पंधरा-वीस सेकंद जातात. म्हणून माझं मत, छोट्या माशाला नुसती लांबी, आणि ८० सेंमीच्या वरच्यालाच घेर, तोही होडीच्या कडेला, पाण्यात धरून.

गर्दीचं म्हणाल तर मोठा पडदा लावून व्हिडिओ दाखवायचे. मासा सुटून जाताना लोक जास्त ओरडतात, मी बघितलंय.

धुळेकर_नाना

घेराचा हिशोब वहीत लिहून घेतला. येत्या रविवारी चिलापीवर करून बघतो. पडद्याचं मला अजून पटलेलं नाही, पण एकदा बघायला येईन.

जळगावचा_पोहणारा

मासा सोडा, माणसाचं बोलतो. आपल्याकडे बहुतेक जण विहिरीत पोहायला शिकलेत. विहिरीत पाणी जागेवर असतं, खाडीत ते चालतं. ओहोटीला मुखाजवळ पडलात तर कितीही चांगले पोहत असाल, काठ तुमच्यापासून लांब जात राहतो. पहिल्या वर्षी आमच्यातला एकजण होडीतून तोल जाऊन पडला, अंगात लाइफ जॅकेट होतं पण पुढचे बक्कल उघडे. जॅकेट डोक्यावर आलं आणि माणूस खाली. तांडेलाने केसाला धरून ओढला. तेव्हापासून मी निघताना प्रत्येकाचं बक्कल स्वतः ओढून बघतो, मग तो माझ्यापेक्षा मोठा असला तरी.

गळ्यात शिट्टी, मोबाइल पाण्यापासून वाचवणाऱ्या पिशवीत, आणि दोन नंबर पाठ: तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३. फ्लायवाल्यांना आणखी एक. ओढून घेतलेला दोर पायाजवळ पडतो आणि मोठा मासा पळाला की तोच दोर पायाला वेढा घालतो. एक साधी बादली घ्या, तळाला थोडं पाणी ठेवा, दोर त्यात पडू द्या. वाऱ्याने उडत नाही आणि पायातही येत नाही.

तापीकाठचा (भुसावळ)

बादलीची गोष्ट आमच्या होडीत असती तर एक मासा वाचला असता, म्हणजे माझ्या दृष्टीने. दोर बुटाच्या नाडीत अडकला आणि टिपेट तुटला. टिपेट म्हणजे फ्लायच्या आधीचा बारीक, ठरलेल्या ताकदीचा दोर, नवख्यांसाठी सांगतो. १९३९ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनचे नियम धरले तर हा बारीक दोर कमीतकमी १५ इंच हवा आणि त्यापुढचा दातांपासून वाचवणारा जाड तुकडा १२ इंचांपेक्षा जास्त चालत नाही. आमच्या स्पर्धेत हे कुणी तपासलंच नाही. एका होडीत चक्क हातभर लांब जाड दोर लावला होता. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, सांगितलंच नव्हतं कुणी. पण ज्याने बारीक दोरावर मासा दमवला आणि ज्याने जाड दोरावर ओढून आणला, त्यांचे सेंटीमीटर सारखे कसे?

काल आयोजकांपैकी एका काकांशी फोनवर बोललो. अर्धा तास बोलणं झालं. मी घाबरत घाबरत विषय काढला, पण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. गाबोळी त्यांनीही पाहिली होती. त्यांचं म्हणणं, वजनाचा गट एकदम काढला तर निम्म्या होड्या कमी होतील. मी म्हटलं, काढू नका, वरची मर्यादा घाला. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या पूर्व किनाऱ्यावर जिताडा ५८ सेंमीपेक्षा लहान ठेवता येत नाही आणि १२० सेंमीपेक्षा मोठाही ठेवता येत नाही. म्हणजे पोर सोडायचं आणि आईपण सोडायची. आपल्या खाडीसाठी कोणता आकडा योग्य ते ठरवायला जाणकारांना विचारावं लागेल, ते आपल्या दोघांचं काम नाही, असं काका म्हणाले आणि ते मला पटलं. त्यांनी आकडा ठरवण्यासाठी मत्स्यविद्यालयातल्या ओळखीच्या शिक्षकांना विचारायचं कबूल केलं. महिना बदलायचं सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, तांडेलांना विचारून सांगतो.

ताई, बाथरूमचं बोललो. पुढच्या वेळी धक्क्याजवळच्या घरांत सोय करतो म्हणाले.

अमळनेरचा_नवखा

मी काल शाळेच्या मैदानावर गोंडा बांधून दीड तास टाकलं. मागे थांबायचं जमत नाही, दोर पाठीवरच पडतो. पण एकदा, एकदाच, पूर्ण सरळ गेला. हाताला जे जाणवलं ते सांगता येत नाही. कार्तिकातलं ठरलं तर मला होडीत बसून नुसतं बघायला घ्याल का? पाटी धरायचं, फोटो काढायचं काम करीन.

शिरपूरकर

ये. आणि पाटी मी बनवून घेतोय, आमच्या इथल्या सुताराकडून. सागाची जड होते म्हणून प्लायवूडची, वर पांढरा रंग आणि काळे आकडे, १२० सेंमीपर्यंत. तीन पाट्या सांगितल्यात. एक नवापूरला पाठवतो, म्हणजे ताईंच्या लेकीला आत्तापासून चिलापी मोजायला सापडेल.

नवापूरची_ताई

पाठवा. ती आत्ताच विचारतेय आकडे इंचात आहेत की सेंटीमीटरमध्ये.

खाडीवाला (रायगड)

काकांनी काल आम्हा सहा तांडेलांना बोलावलं होतं. चौघे कार्तिकाला तयार आहेत, दोघांचं म्हणणं तेव्हा आमचा धंदा जोरात असतो, होडी देता येणार नाही. बरोबरच आहे त्यांचं. तेव्हा मोठी स्पर्धा व्हायला वेळ लागेल, त्याची वाट बघू नका. तुम्ही सरावाला या, माझी आणि माझ्या मेहुण्याची होडी तुमच्यासाठी राखून ठेवतो.

दिवस मी सांगतो. कार्तिक वद्य अष्टमी धरा. अष्टमीला भांगाची भरती, पाण्याला ओढ कमी आणि गाळही कमी उठतो, तुमच्या पिसांच्या माशाला तेच हवं. वेळ काढायची आमची पद्धत लक्षात ठेवा: तिथीची पाऊणपट करायची. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. आम्ही चढत्या पाण्यात कांदळवनाच्या काठाला लागतो. जिताडा पाण्याबरोबर मुळांत शिरतो तेव्हाच टाकायचं. तुम्ही आदल्या रात्री पोचा, झोपायला आमच्याकडे जागा आहे. ताई आणि मुलगी येणार असतील तर घरात माझी आई आणि बायको आहे, काळजी नको. पहाटे पावणेपाचला धक्क्यावर उभे राहा, बक्कल लावून.